उसळ येते ना? मग हा पास्ता येईलच

माझा भाचा कोरेगावहून नोकरीसाठी ऐरोलीला आला आणि घणसोलीत मित्रांनी मिळून भाड्यानं घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहायला लागला. स्वयंपाकघरात दोन बर्नरचा गॅस, तीन लिटरचा कुकर, एक कढई, एक तवा आणि आईनं बळंबळं गळ्यात मारलेला मिक्सर. एका शनिवारी त्याचा फोन आला. ‘मावशी, काल कॅफेत मेक्सिकन बीन पास्ता खाल्ला. चारशे ऐंशी रुपये! आणि त्यात निघालं काय, तर घेवडा.’ आवाजात राग कमी, नवल जास्त.

मी विचारलं, ‘आईनं दिलेला वाघ्या घेवडा संपवलास का?’ तो डबा अजून उघडलाही नव्हता. म्हटलं, ‘एक वाटी आज रात्री भिजत घाल. उद्या सकाळी ट्रान्स हार्बरनं येते मी. दुकानातून काहीही आणू नकोस.’ शेवटचं वाक्य मुद्दाम बोलले, कारण हा मुलगा ‘मेक्सिकन सीझनिंग’ची पाकिटं घेऊन बसला असता हे मला ठाऊक होतं.

त्या रविवारी जे शिकवलं ते सविस्तर लिहिते आहे. ज्यांनी आजवर मॅगीपलीकडे फार काही केलेलं नाही, त्यांनाही हे जमेल. मात्र कुकर कसा लावतात एवढं कोणाकडून तरी प्रत्यक्ष बघून घ्या, ते वाचून शिकू नका.

हा पदार्थ तुमच्या ओळखीचा आहे

मेक्सिकोत घरोघरी ‘सोपा सेका दे फिदेओ’ नावाचा प्रकार करतात. शब्दशः अर्थ ‘शेवयांचं कोरडं सूप’. बारीक शेवया तेलात तांबूस होईपर्यंत परतायच्या, त्यात टोमॅटो-मिरचीचा रस्सा ओतायचा आणि रस्सा पूर्ण जिरेपर्यंत शिजवायच्या. आठवलं काही? आपला शेवयांचा उपमा. आधी भाज, मग पाणी घाल, मग झाकण ठेव. बाकी फरक फोडणीचा.

दुसरी बाजू घेवड्याची. रात्री भिजवून सकाळी कुकरला लावायचा आणि कांदा-लसणाच्या फोडणीत टाकायचा. ही उसळ झाली. म्हणजे आपल्याला करायचंय काय, तर उपम्याच्या पद्धतीनं पास्ता आणि उसळीच्या पद्धतीनं घेवडा, दोन्ही एकाच कढईत. जे नवीन शिकायचंय ते मधल्या वाटणात आहे, आणि मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवणार आहे.

या वाटणातल्या मिरच्या, टोमॅटो, शिवाय शेंगदाणे, मका, बटाटा, घेवडा हे सगळं मुळात अमेरिका खंडातलंच. पोर्तुगीज हिंदुस्थानात आले १४९८ साली, आणि मिरची आपल्याकडे आली ती त्यांच्या पाठोपाठ. त्याआधी आपल्या जेवणाचा तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्याच्या भरवशावर होता. ठाण्यात तर हा इतिहास रोज रस्त्यात भेटतो. मध्यवर्ती कारागृह ज्या किल्ल्यात आहे तो पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. तलावपाळीजवळचं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चही त्यांच्याच काळातलं. आपण बटाटा म्हणतो, काजू म्हणतो, पाव म्हणतो, ते शब्दही त्यांचेच. तेव्हा ‘हे परदेशी आहे, आपल्याला जमायचं नाही’ ही सबब चालणार नाही.

अवजारांचंही तेच. मेक्सिकन घरातला ‘कोमाल’ म्हणजे तवा. ‘मोल्काहेते’ म्हणजे तीन पायांचा दगडी खल. आणि ‘मेताते’ बघितलात तर तुम्ही सरळ पाटा-वरवंटाच म्हणाल, फक्त तो उतरता असतो.

डब्यात काय आहे ते बघा

तिघांना पोटभर होईल असं प्रमाण देते. माझी वाटी २०० मिलिलिटरची आहे. तुमची लहान असेल तर पाण्याच्या ग्लासनं मोजा, पण शेवटपर्यंत एकच माप ठेवा.

घेवडा किंवा राजमा एक वाटी
छोटी मॅकरोनी दोन वाट्या, म्हणजे साधारण २०० ग्रॅम
पिकलेले लाल टोमॅटो चार मध्यम
कांदे दोन, लसणाच्या नऊ पाकळ्या, एक ढोबळी मिरची
सुक्या ब्याडगी मिरच्या पाच, आणि तिखट हवं असेल तर एखादी लवंगी
जिरं एक छोटा चमचा, दालचिनीचा अर्ध्या बोटाएवढा तुकडा
ओरेगॅनो एक छोटा चमचा
गूळ सुपारीएवढा, मीठ, तेल तीन मोठे चमचे
वरून घालायला लिंबू, कोथिंबीर, पनीर

ओरेगॅनो विकत आणायची गरज नाही. पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या ज्या खणात कोंबलेल्या असतात तो खण उघडा. भाच्याच्या घरी एकोणीस निघाल्या. खरं सांगायचं तर मेक्सिकोत ज्याला ओरेगॅनो म्हणतात ते झाडच वेगळं, आपल्या घाणेरीच्या कुळातलं. पुडीतलं ओरेगॅनो भूमध्य समुद्राकडचं, तुळशी-पुदिन्याच्या कुळातलं. चवीत थोडा फरक पडतो. पडू दे.

आणि गॅलरीत ओव्याच्या पानांची कुंडी असेल, जिची आपण भजी करतो, तर तुम्ही पुडीच्याही पुढे आहात. ही जाड, लवदार पानं इंग्रजीत ‘क्यूबन ओरेगॅनो’ या नावानं ओळखली जातात आणि पोर्तो रिकोमध्ये बीन्सच्या फोडणीत सर्रास पडतात. तीन-चार पानं बारीक चिरून घाला. वास उग्र असतो, जास्त नको.

मेक्सिकोत वापरतात ते आंबट, पातळ सालीचं छोटं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबूच. त्यांचा ‘पिलोन्सियो’ म्हणजे उसाचा गूळ. त्यांच्या ‘आन्चो’ मिरचीचं काम ब्याडगी चोख करते. रंग गडद, तिखटपणा बेताचा, चवीला किंचित गोडसर. काश्मिरी लाल तिखटानं रंग येईल, पण भिजवून वाटलेल्या अख्ख्या मिरचीचा दाटपणा येणार नाही.

मिरच्या घ्यायला तुर्भ्याच्या मसाला मार्केटला जावं, नाहीतर ठाण्यात जांभळी नाक्याला. देठ हिरवट-पिवळा, साल सुरकुतलेली आणि वाकवली तर मोडण्याआधी थोडी लवणारी अशी ब्याडगी घ्या. हलवल्यावर आतून नुसत्या बिया खुळखुळत असतील आणि साल कागदासारखी फाटत असेल तर ती जुनी. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या हवेत मिरचीला आतून बुरशी धरते आणि वरून पत्ता लागत नाही. म्हणून देठ काढताना प्रत्येक मिरची फोडून आत बघायची. राखाडी भुकटी दिसली की फेकायची.

घेवडा कोणता, राजमा कोणता

साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा फिकट रंगाचा आणि अंगावर वाघासारखे पट्टे असलेला. कोरेगाव तालुक्यातल्या या घेवड्याला भौगोलिक मानांकनही आहे. त्याची साल पातळ, शिजायला सोपा, आणि रस्सा दाट होतो. मेक्सिकोतल्या पिंटो बीनच्या तो इतका जवळचा आहे की दोन्ही शेजारी ठेवले तर भावंडं वाटतील. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं दोन्ही एकाच जातीचे, आणि राजमाही त्याच जातीचा.

घेवडा नसेल तर चित्रा राजमा घ्या किंवा जम्मूचा बारीक लाल. मोठा गडद लाल राजमा नवशिक्यांनी टाळावा, कारण वरून शिजला तरी आतून दगड राहतो. काळा राजमा मिळाला तर क्यूबाच्या वळणाचा पदार्थ होईल. पण ‘ब्लॅक बीन्स’ म्हणून कोणी अख्खे काळे उडीद हातावर ठेवले तर घेऊ नका. उडीद शिजला की चिकट होतो, आणि पास्त्यात तो चिकटपणा भयंकर लागतो. हे मी करून बघितलंय. फोटो काढले नाहीत, बरं झालं.

डबाबंद राजमा आणला तरी चालतो, मग पुढचा भाग सोडून द्या. मला तो महाग वाटतो आणि त्याला डब्याचा वास येतो.

आदल्या रात्री

घेवडा निवडून, दोनदा धुऊन, भरपूर पाण्यात भिजत घाला. आठ ते दहा तास. पाण्यात एक चमचा मीठ टाका. ‘मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही’ असं आपल्याकडे सांगतात, ते काही खरं नाही. उलट भिजवण्याच्या पाण्यातल्या मिठानं साल मऊ पडते. शिजायला अडवतं ते आंबट. टोमॅटो, चिंच, लिंबू, आमसूल यातलं काहीही घेवडा पूर्ण मऊ होईपर्यंत त्याच्या जवळपास येता कामा नये.

मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात भिजवण रात्रभर ओट्यावर ठेवलं तर पाण्याला फेस आणि आंबूस वास येतो. भांडं फ्रिजमध्ये ठेवा.

सकाळी भिजवलेलं पाणी ओतून द्या. ते वापरू नका. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचा घटक असतो. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी जोराच्या उलट्या होऊ शकतात. भिजवून, पाणी बदलून, खळखळत्या पाण्यात निदान दहा मिनिटं उकळलं की तो घटक नाहीसा होतो. कुकरमध्ये तर काळजीच नको. धोका असतो तो मंद आंचेवर तासन्‌तास कोमट पाण्यात शिजवणाऱ्या इलेक्ट्रिक भांड्यांत. तिथे तापमान पुरेसं चढत नाही. तसं भांडं घरी असेल तर राजमा आधी गॅसवर उकळून घ्या आणि मगच त्यात घाला.

रात्री विसरलात? घेवडा पाण्यात तीन मिनिटं खळखळून उकळा, गॅस बंद करा, तासभर झाकून ठेवा, पाणी फेका. रात्रभर भिजवल्याइतकं नाही, पण निभावतं. तेवढाही धीर नसेल तर चवळी घ्या, ती न भिजवताही कुकरमध्ये शिजते. चवळी मूळची आफ्रिकेची, तिथून ब्राझीलला गेली आणि तिथल्या जेवणात मुरली. म्हणजे वळण लॅटिनच राहील.

कुकर

भिजलेला घेवडा, तीन वाट्या ताजं पाणी, एक लसूण पाकळी, अर्धा चमचा मीठ आणि चिमटीभर हिंग. मेक्सिकोत पोटाला वारा धरू नये म्हणून बीन्समध्ये ‘एपासोते’ नावाचा उग्र वासाचा पाला टाकतात. आपल्याकडे तो नाही, हिंग आहे. एक चमचा तेल घाला म्हणजे फेस शिट्टीतून बाहेर येणार नाही. तीन लिटरचा कुकर कडधान्यानं आणि पाण्यानं मिळून निम्म्यापेक्षा जास्त भरू नका.

मोठ्या आंचेवर पहिली शिट्टी, मग आंच अगदी बारीक करून पंधरा मिनिटं. चित्रा राजम्याला वीस. गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलून वाफ सोडू नका, वाफ आपोआप जिरू द्या. दाबानं वाफ काढली की साली फुटून वेगळ्या होतात.

झाकण उघडल्यावर एक दाणा चमच्यात घेऊन फुंकर मारा. साल सुटून उलटली पाहिजे. मग दाणा बोटात चिरडा. मधे पिठूळ कणी लागली तर पुन्हा पाच मिनिटं. इथे आळस करायचा नाही, कारण पुढे टोमॅटो पडला की तो दाणा तुम्ही संध्याकाळपर्यंत शिजवलात तरी मऊ होणार नाही.

आता पाण्याबद्दल. आमच्या सोसायटीत एकदा आठवडाभर टँकर येत होता, बोअरवेलचं पाणी. तेव्हा पाऊण तास कुकर लावूनही राजमा गारगोटीसारखाच. आधी मी दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या दिल्या. दोष पाण्याचा होता. जड पाण्यातल्या कॅल्शियमनं कडधान्याची साल घट्ट होते. तुमच्याकडेही टँकरचे दिवस असतील तर घेवडा भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं पाणी घ्या, नाहीतर कुकरमध्ये दोन चिमट्या खायचा सोडा टाका. चमचाभर नको, साबणासारखी चव येते.

शिजलेल्या घेवड्याचं पाणी ओतायचं नाही. दाटसर, पिठूळ, गुलाबी-तपकिरी असं ते पाणी हाच आपला रस्सा.

वाटण

खिडक्या उघडा. पंखा बंद करा. चिमणी असेल तर लावा. मी हे सांगायला विसरले आणि भाच्याचा एक मित्र, जो नाईट शिफ्ट करून झोपला होता, तो शिंकत-शिंकत बाहेर आला.

मिरच्यांचे देठ आणि बिया काढा. तवा मध्यम तापवून मिरच्या प्रत्येक बाजूनं दहा-पंधरा सेकंद दाबून भाजा. फुगतात, वास सुटतो, रंग किंचित गडद होतो, की लगेच उतरवा. काळ्या पडल्या तर वाटण कडू होतं आणि गुळानंही तो कडूपणा झाकत नाही. मला विचाराल तर पहिल्या वेळी एक मिरची जास्त घ्या आणि ती मुद्दाम जाळून वास घेऊन बघा. पुढच्या वेळी हात आपोआप वेळेवर उचलला जातो.

भाजलेल्या मिरच्यांवर वाटीभर गरम पाणी घालून पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा.

तोवर टोमॅटो भाजायचे. भरतासाठी वांगं भाजतो तसे, थेट जाळीवर, साल काळी पडून फुटेपर्यंत. इंडक्शन असेल तर तव्यावर. त्याच तव्यावर एका कांद्याच्या जाड चकत्या आणि सालासकट सहा लसूण पाकळ्या, डाग पडेपर्यंत. मेक्सिकोत साल्सा करताना कोमालवर असंच भाजतात, आणि सगळी जादू या भाजण्यात आहे. कच्च्या टोमॅटोची प्युरी घातलीत तर पदार्थ पावभाजीच्या वाटेला लागेल. चिपोत्ले म्हणजे धुरावर वाळवलेली मिरची आपल्याकडे सहज मिळत नाही, पण जाळीवर करपलेल्या टोमॅटोच्या सालीतून तो धुरकट वास बऱ्यापैकी येतो. म्हणून साल सगळी काढू नका, निम्मी ठेवा.

जिरं आणि दालचिनी तव्यावर कोरडीच दहा सेकंद. जिऱ्याचं प्रमाण वाढवण्याचा मोह होईल. खुद्द मेक्सिकोत जिरं बेतानं वापरतात. सढळ हात असतो तो टेक्सासकडच्या चिलीत. धणेपूड, गरम मसाला, हळद अजिबात नको. हळद पडली की ही आपली आमटी होते. वाईट लागते असं नाही, फक्त आपण ठरवलं होतं ते होत नाही.

सगळं गार झाल्यावर मिरच्या, त्यांचं अर्धं पाणी, टोमॅटो, कांदा, सोललेला लसूण, जिरं, दालचिनी, ओरेगॅनो मिक्सरमध्ये गुळगुळीत वाटा. गार झाल्यावर, हे पुन्हा सांगते. गरम वाटण झाकण उडवतं आणि छतापर्यंत जातं, आणि भाड्याचं घर असेल तर छत पुसावं लागतं. मिरचीचं उरलेलं पाणी चाखून बघा, कडू नसेल तर पुढे रश्शात घाला.

कढई

पास्त्याचं पाकीट घेताना मागे ‘ड्युरम’ लिहिलंय का बघा. ड्युरम म्हणजे बन्सीसारखा कडक, पिवळसर गहू, त्याचा पास्ता रश्शात शिजूनही आकार सोडत नाही. मैद्याच्या सुट्या मॅकरोनीचा या पद्धतीनं लगदा होतो. पाकीट फोडलं की उरलेली स्टीलच्या घट्ट डब्यात. पावसाळ्यात पाकिटाला नुसता रबर लावून ठेवलात तर पंधरा दिवसांत पोरकिडे हजर.

कढईत दोन मोठे चमचे तेल मध्यम तापवून कोरडी मॅकरोनी टाका आणि सतत हलवत राहा. पाच-सहा मिनिटांत काही तुकडे तांबूस, काही बदामी होतील. उपम्याच्या शेवया भाजतो त्याहून एक छटा जास्त हवी. या भाजण्यानं खमंगपणा येतो आणि मॅकरोनी एकमेकींना चिकटत नाही. ताटलीत काढून ठेवा.

त्याच कढईत उरलेलं तेल, बारीक चिरलेला दुसरा कांदा, दोन लसूण पाकळ्या आणि ढोबळी मिरची. कांदा मऊ झाला की वाटण ओता. तडतडून अंगावर उडेल, हातात झाकण तयार ठेवा. आता हे वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, आठ-दहा मिनिटं. ‘तेल सुटणं’ नवशिक्यांना कळत नाही, म्हणून खूण सांगते. कालथा तळातून ओढला की रस्ता दोन-तीन सेकंद मोकळा राहतो आणि कडेनं लालसर चकाकी दिसते. रंग टोमॅटोच्या लालवरून विटेच्या लालवर येतो.

आता मूठभर घेवडा चमच्यानं ठेचून त्यात घाला, यानं रस्सा मिळून येतो. मग बाकीचा घेवडा, त्याचं दीड वाटी पाणी, मिरचीचं पाणी, गूळ, आणि दीड वाटी कढत पाणी. उकळी आल्यावर चाखा. हा रस्सा या घडीला आमटीपेक्षा जरा खारट लागला पाहिजे, कारण मॅकरोनी तो सगळा पिऊन टाकणार आहे आणि तिच्यात स्वतःचं मीठ नाही.

मॅकरोनी घाला. रस्सा तिच्यावर बोटभर असावा. आंच मध्यम-मंद, झाकण थोडं तिरकं, आणि दर दोन मिनिटांनी तळापासून हलवा. घेवड्याचा रस्सा तळाला लागतो आणि लागला की पटकन करपतो. पाकिटावर दहा मिनिटं लिहिली असतील तर इथे बारा-तेरा लागतील. दाट, आंबट रश्शात साध्या पाण्यापेक्षा वेळ जास्त जातो. बाजूच्या बर्नरवर वाटीभर पाणी कढत ठेवा आणि कोरडं दिसेल तसं थोडं थोडं घाला. गार पाणी घातलंत तर शिजणं थांबतं आणि मॅकरोनी बाहेरून गिळगिळीत होते.

दाताखाली किंचित कण लागत असतानाच गॅस बंद करा. झाकण पूर्ण लावून पाच मिनिटं हात लावू नका. उघडाल तेव्हा रस्सा जवळजवळ जिरलेला आणि मॅकरोनी विटकरी लाल झालेली असेल. भाच्यानं झाकण काढून पहिलं वाक्य उच्चारलं ते, ‘हे तर त्या कॅफेपेक्षा लाल आहे.’

वरून काय

लिंबू अगदी वाढताना पिळा, कढईत नाही. कोथिंबीर देठांसकट बारीक चिरून. पनीर कुस्करून त्याला चांगलं मीठ चोळा, म्हणजे ते त्यांच्या ‘केसो फ्रेस्को’ या ताज्या चीजच्या जवळ जातं. चीजची चौकोनी वडी किसून घातली तरी कोणी हरकत घेणार नाही, मी मात्र घालत नाही. एक कांदा पातळ चिरून लिंबाच्या रसात आणि मिठात दहा मिनिटं मुरवला तर तो गुलाबी होतो आणि ताटाला जिवंतपणा आणतो.

याच्याबरोबर ‘साल्सा माचा’ करायची माझी फार शिफारस आहे. मेक्सिकोतल्या वेराक्रूसकडची ही चटणी म्हणजे आपली शेंगदाण्याची चटणी तेलात बुडवलेली. अर्धी वाटी तेलात मंद आंचेवर दोन मोठे चमचे शेंगदाणे, चार लसूण पाकळ्या, तीन ब्याडगी, एक चमचा तीळ या क्रमानं तळा. मिरची शेवटच्या काही सेकंदांतच, नाहीतर जळते. गार करून मीठ आणि दोन थेंब व्हिनेगर घालून जाडसर फिरवा. लसूण तेलात असल्यामुळे ही बरणी ओट्यावर ठेवायची नाही. फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. भाच्याकडे ती दीड दिवस टिकली, भाकरीबरोबर.

थोडे फेरफार

चातुर्मासात कांदा-लसूण बंद असेल तर वाटणात ढोबळी मिरची भाजून घाला, फोडणीत हिंग वाढवा आणि मूठभर मक्याचे दाणे टाका. चव वेगळी पण पूर्ण लागते.

क्यूबाच्या वळणाचं हवं तर ब्याडगीचं वाटण वगळा. कांदा, लसूण, भरपूर ढोबळी मिरची, जिरं, ओव्याचं पान, काळा राजमा आणि शेवटी चमचाभर व्हिनेगर. क्यूबातलं जेवण फारसं तिखट नसतं, त्यामुळे लहान मुलांना हेच द्या. यासाठी पास्ता वेगळा उकडा. १०० ग्रॅमला एक लिटर पाणी आणि दोन छोटे चमचे मीठ. पाण्यात तेल टाकू नका, उकडल्यावर नळाखाली धुऊ नका. दोन्हीमुळे रस्सा पास्त्यावरून घसरतो. उकडलेलं पाणी वाटीभर बाजूला काढून मगच गाळा.

मोले या मेक्सिकन रश्शाची आठवण यावी असं वाटत असेल तर वाटण परतताना अर्धा चमचा बिनसाखरेची कोको पावडर आणि एक चमचा दाण्याचं कूट. अर्धाच चमचा. कोकोची चव ओळखू आली तर ती जास्त झाली.

उरलेलं दुसऱ्या दिवशी घट्ट गोळा होतं. डब्यात नेणार असाल तर सकाळी चार चमचे पाणी शिंपडून झाकणाखाली गरम करा, लिंबाची फोड वेगळी बांधा. आणि मॅकरोनी संपून नुसता घेवडा-रस्सा तळाशी राहिला असेल तर कोपऱ्यावरून दोन पाव आणा.